बोर्तोलोला घरातून काढलं तो दिवस

फादर ओर्तेगा घाटापलीकडे अडकलेत हा निरोप कोराने आणला तेव्हा एर्मिनिया शवपेटीच्या उशाशी लावलेल्या मेणबत्तीची वात कातरत होती. कात्री खाली न ठेवताच तिने सुनेकडे पाहिलं. कोराच्या शालीवर बर्फ होता, भुवयांवरही होता. नदीपलीकडच्या दुकानापर्यंत जाऊन यायला तिची अख्खी सकाळ गेली होती.

"घाट आज उघडत नाही म्हणतात, आई. उद्याचंही काही खरं नाही. दुकानातल्या रेडिओवर फादर स्वतः बोलले. तुम्हाला धीर धरायला सांगितलंय."

"धरलाय की," एर्मिनिया म्हणाली. "आणि ह्यांना तरी कुठं जायची गडबड आहे."

बोर्तोलो पुढच्या खोलीत होता. परवा पहाटे त्याचा श्वास थांबला तेव्हापासून त्या खोलीतली शेगडी विझवलेली होती आणि खिडकी फटभर उघडी होती. लग्नातला काळा कोट आता त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. त्याचे हात तिने पुन्हा पुन्हा धुतले होते, तरी खाणीची काळी रेघ नखांच्या कडेतून निघाली नव्हती. शेवटी, राहू दे, देवाला ओळखायला सोपं, असं म्हणून तिने ब्रश ठेवून दिला.

आमच्या गॅलिना गावात हिवाळ्यात जमीन दगड होते, म्हणून बर्फ पडायच्या आधीच थोड्या कबरी खणून फळ्यांनी झाकून ठेवतात. कुणाच्या ते कुणी ठरवत नाही. कित्येक वर्षं हे काम बोर्तोलोच करायचा, शेजारच्या जॅगो ट्रेवेनाला बरोबर घेऊन. तेव्हा कबरीची काळजी नव्हती. काळजी होती ती उंबऱ्याची.

कारण त्याने एकच गोष्ट मागितली होती. नाकात नळी, बोलताना दोन शब्दांमागे दम लागत होता, तरी त्याने ती मागितली. "मला घाईनं काढू नका, मिनी. फादर उंबऱ्यात येऊ देत, पाणी शिंपडू देत. मग काढा." त्याच्या बापाला मावशीने वाटेत गाठलं होतं, खेचरांसकट. सापडला तो जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर, आणि ज्या दिवशी सापडला त्याच दिवशी पुरला. जागरण नाही, माळ नाही, फादर नाहीत. बोर्तोलो तेव्हा लहान होता, पण ती घाई त्याच्या मनातून कधी गेली नाही. एर्मिनियाने जपमाळेवर हात ठेवून शब्द दिला होता.

मावशी म्हणजे घरामागचा डोंगर. म्हणजे डोंगर नव्हे, डोंगरावरून बर्फ ज्या वाटेने कोसळतो ती वाट. युरोपातल्या तिरोलहून इथे आलेल्या पहिल्या खाणकामगारांनी तिला ते नाव दिलं आणि पुढे कॉर्निश, स्वीडिश, सगळेच तिला मावशी म्हणू लागले. दर हिवाळ्यात ती उतरायची, अस्पेनच्या झाडीपाशी थांबायची. लोक म्हणायचे, आली आणि दारावरूनच गेली.

बाहेरच्या बोगद्यातून बूट आपटल्याचा आवाज आला. दाराच्या बाजूला छपरापर्यंत बर्फ चढल्यामुळे दारापर्यंत बोगदाच खणलेला होता. लीनो आत आला. धाकटा मुलगा. दाढीत बर्फाच्या गोळ्या, पाठीवर फावडं. त्याने टोपी काढली, बापाकडे बघून क्रूसाची खूण केली आणि मग एकदम म्हणाला, "आई, आळीतल्या सगळ्यांना खाली, पुलापलीकडे जायचंय. आत्ता, उजेड आहे तोवर."

स्वयंपाकघरातून रेमो आला. थोरला. हातात मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायचा लाकडी दांडा तसाच होता. "आलं का पुन्हा."

"दादा, या वेळी..."

"या वेळी, या वेळी. नाताळात म्हणालास, या वेळी. जानेवारीत म्हणालास, या वेळी. आख्खी वरची आळी शाळेच्या हॉलमध्ये नेऊन झोपवलीस आणि मावशीनं साधी शिंकसुद्धा दिली नाही."

"तिनं दिली नाही म्हणून तू माझ्यावर रागावलास?"

"मी नाही रागावलो. आळी रागावलीय."

लीनो रस्ते खात्यात होता. डोंगरावर खड्डे खणून बर्फाचे थर बघायचे, वादळानंतर तोफ डागून बर्फ पाडायचा, आणि पाडण्याआधी रस्ता बंद करायचा, हे त्याचं काम. त्यासाठी तो शिकायला बाहेर गेला होता. रेमो गेला नव्हता. खाण बंद होईपर्यंत तो बापाशेजारी खाणीत होता आणि नंतर बापाच्या पलंगाशेजारी. हे दोघांमध्ये कधी बोललं गेलं नव्हतं, आणि रोज बोललं जात होतं.

"नोव्हेंबरात पडलेला बर्फ तळाशी साखरेसारखा सुटा झालाय," लीनो म्हणाला. "त्यावर या चार-पाच दिवसांत वाऱ्यानं भिंत आणून उभी केलीय. साखरेवर भिंत आहे, दादा."

"मग तोफ डाग आणि पाड."

"खाली माणसं असताना? आपल्याच घरावर?"

एर्मिनियाने कात्री मेणबत्तीशेजारी ठेवली. "लीनो," ती म्हणाली, "तू बाकीच्यांना घेऊन जा. मी ह्यांना सोडून येत नाही, आणि फादर आल्याशिवाय हे उंबरा ओलांडत नाहीत. मी शब्द दिलाय."

"आणि आईला सोडून मी येत नाही," रेमो म्हणाला आणि पोलेंटाकडे परत गेला.

*

लीनो आळीच्या वरच्या टोकापासून सुरू करून एकेक दार ठोठावत खाली आला. कुठल्या घरी कोण उघडेल आणि काय म्हणेल हे त्याला आता पाठ होतं.

हिल्मा लिंडक्विस्टने दार फटभर उघडलं. आतून कोंबड्यांचा वास आणि ऊब आली. थंडीत ती कोंबड्या स्वयंपाकघरातच ठेवायची.

"हिल्माकाकू, तुम्हाला..."

"माहितीये. पण मागच्या खेपेला शेगडी विझली आणि माझ्या तीन कोंबड्या गेल्या. त्यांची समजूत घाल, त्या तयार झाल्या तर मी येते."

"कोंबड्या घेऊन चला."

"शाळेत? मास्तरणीचं तोंड बघितलंयस का तू?" ती हसली, पण दार उघडं नाही केलं. "बोर्तोलोसाठी केक ठेवलाय, आईला दे. आणि बाळा, थोडा झोप. डोळे बघ तुझे."

जॅगो ट्रेवेनाने तर दार सताड उघडलं, हातात चहाचा कप. म्हातारा माणूस, बोर्तोलोबरोबर चाळीस वर्षं जमिनीखाली घालवलेला, आणि त्यातली निम्मी भांडण्यात.

"ये ये, हवामान खातं. आज काय, साखर का मीठ?"

"जॅगोकाका, मी थट्टेला नाही आलो."

"मीही नाही. जानेवारीत तुझं ऐकून मी खाली झोपलो आणि इथं माझे नळ फुटले. सकाळी आलो तर स्वयंपाकघरात बर्फाचं मैदान. बायको असती तर स्केटिंग करत चहा केला असता तिनं." त्याने कपातला घोट घेतला. मग आवाज उतरवला. "हे बघ पोरा. तू खोटं बोलतोस असं कुणी म्हणत नाही. पण मावशी अस्पेनच्या खाली येत नाही. माझा बाप इथंच जन्मला, तोही हेच सांगायचा."

"त्या अस्पेनकडे बघितलंय कधी तुम्ही? सगळी एका वयाची आहेत. एकही जुनं नाही. जुनी कुठं गेली?"

"तोडली असतील खाणीसाठी."

"तोडल्याचे बुंधे कुठायत मग?"

जॅगोने वर बघितलं, पण पडत्या बर्फात काही दिसत नव्हतं. एक क्षण लीनोला वाटलं, आता हा हो म्हणणार. "आपण परवा बोलू," जॅगो म्हणाला. "बोर्तोलोला पोचवून झालं की. त्याला वर एकटा ठेवून मी खाली जाऊन झोपलो तर तो मला सोडील का?"

सगळ्या घरांतून असंच. कुणी रागावून, कुणी हसून, कुणी केक देऊन. नदीपलीकडच्या मार्शलने, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याने, हुकूम काढला होता, पण हुकमाने कुणाला उचलून नेता येत नाही. शेवटच्या घरानंतर लीनो आळीच्या मागे, झाडीच्या कडेला गेला. कशासाठी गेला ते त्याला सांगता आलं नसतं. बापाजवळ जायला धजत नव्हता म्हणून असेल.

तो उभा होता आणि त्याच्या पायाखालचा बर्फ खचला. फार नाही, बोटभर. पण त्याबरोबर आवाज झाला, खोल, भरलेला, एखादं प्रचंड जनावर झोपेत कूस बदलतं तसा. आणि तो आवाज तिथेच थांबला नाही. त्याच्या पायांपासून निघून तो झाडीतून वर धावत गेला, डोंगराकडे, लांब, आणखी लांब, आणि मग वरून कुठूनतरी परत आला. अस्पेनच्या फांद्यांवरचा बर्फ एकाच वेळी खाली गळला.

बर्फाचा तळचा थर खचताना होणारे असले आवाज त्याने शेकडो ऐकले होते. इतका मोठा कधीच नाही. त्याच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता, किंवा नुसत्या भीतीचा नव्हता. चर्चमध्ये घंटा वाजून सगळे गुडघ्यावर येतात त्या क्षणी लहानपणी असं व्हायचं. आपल्यासमोर कुणीतरी आहे, आणि त्याला आपल्याशी काही घेणंदेणं नाही, तरी आपण मान वर करू शकत नाही.

*

कोरा लाकडं आणायला मागच्या दारी गेली तेव्हा तिला दीर तिथे उभा दिसला, टोपी हातात घेऊन. डोक्यावर बर्फ साचत होता.

"लीनोभाऊजी, टोपी घाला."

त्याने घातली. "वहिनी, तुम्ही ऐकलंत का आत्ता?"

"घर हललं. मला वाटलं रेमोनं शेगडीचं झाकण पाडलं."

"ते नव्हतं."

कोरा सपाट मुलखातली, कॅन्ससची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला डोंगर बघून चक्कर यायची. सासऱ्याने तिला एकदा मागच्या दारी उभं केलं होतं आणि म्हणाला होता, ह्या मावशीकडे बघून रोज एकदा मान झुकवत जा, पोरी, मग भीती वाटत नाही. ती झुकवायची. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"असं सांगता येत नाही. कदाचित येणारही नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगू शकत नाही की येईल." त्याचा चेहरा थकव्याने राखेसारखा झाला होता. "पण वहिनी, माझी सगळी विद्या एका बाजूला ठेवा. माझे पाय म्हणताहेत, इथून निघ."

ती लाकडं घेऊन आत आली. रेमो पोलेंटा पाटावर उलटत होता. तिने लाकडं खाली टाकली, जरा जोरातच.

"मी खाली चालले," ती म्हणाली.

"कोरा."

"आई आल्याशिवाय तू येणार नाहीस. बाबांशिवाय आई येणार नाहीत. फादरशिवाय बाबा हलणार नाहीत. म्हणजे आपण सगळे फादरसाठी अडलोय, आणि फादर पलीकडे कुणाच्यातरी घरी शेगडीशी पाय शेकताहेत."

"तू लीनोच्या बाजूनं कधीपासून झालीस?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही. मला विधवा व्हायचं नाही, एवढंच आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला राग आला. "तुला ठाऊक आहे तो बरोबर आहे. तू पोलेंटासुद्धा आज दोनदा ढवळायचा विसरलास, तळाला लागला बघ. तू इथं आईसाठी थांबलेला नाहीस. तो म्हणाला आणि तू गेलास, असं कुणी म्हणू नये म्हणून थांबलायस."

रेमोने दोऱ्याने पोलेंटाचे तुकडे पाडायला सुरुवात केली. लाकडाच्या पाटावर पिवळे चौकोन नीट पडत होते.

"समजा मी तयार झालो," तो शेवटी म्हणाला. "आईला उचलून नेऊ? बापाच्या पेटीजवळून?"

कोराने पुढच्या खोलीकडे बघितलं. दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी बोलत होतं.

*

आत लीनो बोलत होता. बापाच्या पायाशी गुडघ्यावर बसून, आईकडे न बघता.

एर्मिनियाच्या हातात जपमाळ होती. सकाळपासून तिने तिसरी माळ सुरू केली होती, आणि दर वेळी कुठेतरी मणी चुकत होता. असं तिचं कधी होत नसे. उपासाचा शुक्रवार असो की बाळंतपणातला आठवडा, माळ तिची चुकली नव्हती. आज बोटं पुढे जात होती आणि मन मागे राहत होतं.

"किती जण निघाले?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"हिल्मा?"

"कोंबड्यांसाठी थांबलीय. जॅगोकाका बाबांसाठी. कुणी नळांसाठी. कुणी मला खोटं पाडायला." तो थोडा थांबला. "मी सांगितलं म्हणून नाही गेले, आई. बाबांनी एकदा दारातून हाक मारली असती तर पाच मिनिटांत आळी रिकामी झाली असती."

एर्मिनियाने नवऱ्याकडे बघितलं.

खरंच होतं ते. खाणीत छप्पर कुरकुरलं की बोर्तोलो हातातलं टाकून नुसता चालू लागायचा. ओरडायचा नाही, कुणाला सांगायचाही नाही. आणि त्याला चालताना बघून बाकीचे निघायचे. जॅगो भांडत भांडत का होईना, पण निघायचा.

आमच्या गावात एक रीत आहे, ती कुणी कुणाला शिकवत नाही. शवपेटी दारावरून गेली की त्या घरातल्यांनी उठून तिच्यामागे चालायचं. नदीवरच्या पुलापर्यंत नाही, पलीकडच्या चर्चपर्यंत. जेवत असलात तर घास ठेवून, भांडलेले असलात तर भांडण ठेवून. ज्या गावात प्रत्येकाला कधी ना कधी शेजाऱ्याने ढिगाऱ्यातून उकरून काढलंय, त्या गावात मेलेल्याला कुणी एकटं जाऊ देत नाही. वादळात नाही, तापात नाही. एर्मिनियाने गॅलिनात या रीतीला पाठ फिरवलेलं माणूस अजून पाहिलं नव्हतं.

हा विचार तिला आला आणि ती घाबरली. जपमाळ तिने मुठीत आवळली. कारण विचार आला त्याच क्षणी तिला कळलं की तो देवाकडून आलाय, आणि त्याची किंमत काय हेही कळलं. तिने शब्द दिला होता. या माणसाने आयुष्यभर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. एक मागितलं, तेही मेल्यावरचं.

"थोडा बाहेर जा, लीनो," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती वाकली आणि बोर्तोलोच्या कानाशी तोंड नेलं. काय बोलली ते तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. मग कपाटावरची पवित्र पाण्याची बाटली काढली. ईस्टरला भरून आणलेली, तळाशी थोडंच पाणी उरलेलं. तिने बाटलीचं बूच काढलं. हे काम फादरचं. ती कोण होती. पण तिने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, जेवढं होतं तेवढं सगळं, आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"रेमो, खाणीतली ती स्लेज शेडमध्ये आहे ना अजून? जखमींना आणायची?"

"आहे. का?"

"आण. ह्यांना न्यायचंय. आत्ता."

तिघंही तिच्याकडे बघत राहिले. रेमोच्या हातात दोरा होता. "आई, बाबा म्हणाले होते, घाईनं नको."

"मला आठवतंय. शब्द मी दिला होता, तुम्ही नाही. मोडायचा तर मीच मोडणार. हिशेब मी देईन त्यांना, वर गेल्यावर." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आणि रेमो, हातघंटा घे. मोठ्यानं वाजव. बंद दारांमागे ऐकू गेली पाहिजे."

लीनोला आधी कळलं. मग कोराला. रेमोला सगळ्यांत शेवटी, आणि कळल्यावर तो तडक शेडकडे गेला.

*

स्लेज जड नव्हती. बोर्तोलो उरलाच किती होता. रेमो पुढे दोरी खांद्यावर घेऊन, एका हातात घंटा. लीनो मागून ढकलत होता. त्यांच्यामागे आई, तिच्या दंडाला धरून कोरा. बर्फ तिरका पडत होता आणि समोरचं घर नुसतं करड्या डागासारखं दिसत होतं.

आळीच्या वरच्या टोकाला नेऊन मग खाली आणा, असं आईने सांगितलं होतं. म्हणजे एकही दार सुटायला नको. वर चढताना रेमोला झाडी दिसली, जवळ, पांढरी, अगदी गप्प. लहानपणापासून तो हिच्याकडे रोज बघत आला होता. आज पहिल्यांदा त्याने तिच्यात जुन्या झाडांचे जाड बुंधे शोधले. नव्हते.

त्याने घंटा वाजवली.

पहिलं दार उघडलं. मग पुढचं. कुणी विचारलं नाही, आज का, या हवेत का, फादर कुठायत. पुरुषांनी टोप्या काढल्या आणि मग बर्फ बघून परत घातल्या. बायका शाली गुंडाळत आल्या. हिल्मा आली ती अंगाहून मोठा कोट घालून, दोन्ही हातांनी पोट धरून, आणि कोट मधूनमधून हलत होता.

जॅगो पायरीवर उभा होता. चहाचा कप नव्हता. त्याने पेटीकडे बघितलं, मग लीनोकडे.

"मला कळतंय हं, काय चाललंय ते," तो म्हणाला.

"हो, काका."

"फसवतोयस तू मला."

"हो."

"पुढे बोर्तोलो आहे म्हणून बोलत नाही." आणि त्याने लीनोला कोपराने बाजूला सारून स्लेजचा मागचा दांडा धरला. "सरक. तुला ढकलता येत नाही. उतारावर पेटी पुढे पळेल."

सगळी आळी त्यांच्यामागे उतरली. कुणीतरी माळ सुरू केली, कॅथलिक होते ते म्हणू लागले, जे नव्हते ते नुसते चालत राहिले. नमो मारिया, नमो मारिया. बर्फात आवाज फार लांब जात नव्हता. रेमोला मागे वळून बघायची भीती वाटत होती. कुणी राहिलं असेल तर. पूल आला, तो ओलांडून त्याने स्लेज थांबवली, तेव्हा लीनो प्रत्येक चेहरा बघत मागे जात होता. शेवटच्या माणसापर्यंत जाऊन तो परत आला आणि आईकडे बघून त्याने मान हलवली. सगळे होते.

वारा थांबला.

आधी आवाज नव्हता. आधी फक्त वारा थांबला आणि ढग मधोमध फाटला, आणि डोंगराची वरची कड दिसली, कित्येक दिवसांनी, निळी, स्वच्छ. रेमोला वाटलं, वादळ गेलं. मग त्याला कडेच्या खाली एक रेघ दिसली. एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत, दोऱ्याने ओढावी तशी बारीक. आणि रेघेखालचा सगळा डोंगर सरकला.

हळू वाटलं ते. एखादी बाई अंगावरची शाल खांद्यावरून खाली सोडते तेवढं हळू. मग तो कुठे आहे, किती मोठा आहे हे डोळ्यांना कळलं, आणि हळू काही राहिलं नाही. पांढरा ढग चढत चढत आभाळाएवढा झाला. अस्पेनची झाडं बर्फ पोचायच्या आधीच आडवी झाली, सगळी एकदम, शेतातल्या कणसांसारखी, कारण पुढे हवा येत होती. मग आवाज पोचला, आणि तो कानांनी ऐकायचा नव्हताच. छातीतून गेला, पुलाच्या लोखंडातून गेला. हवेचा धक्का नदीवरून आला तेव्हा कोरा आईवर ओणवी झाली, जॅगोने दोन्ही हात पसरून पेटी धरली. रेमो गुडघ्यावर पडला. त्याच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत पांढरी बारीक धूळ होती, आणि त्याला श्वास घेता येत नव्हता, आणि तरीही, ही गोष्ट त्याने पुढे फक्त कोराला सांगितली, त्याला ते संपू नये असं वाटत होतं. इतकं सुंदर त्याने काही पाहिलं नव्हतं.

मग संपलं.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला. सोन्याच्या भुकटीसारखी ती उन्हात चमकत होती, कारण ऊन पडलं होतं. नदीपलीकडे वरची आळी नव्हती. खालची दोन घरं वाकून उभी होती, त्यांच्या वर नुसता उतार होता, गुळगुळीत नव्हे, गोळ्यागोळ्यांचा, आणि त्यातून मोडक्या झाडांचे शेंडे वर आलेले. डालाबोनांचं, म्हणजे आपलं स्वतःचं घर कुठे होतं हे रेमोला बोट दाखवून सांगता आलं नसतं. काठापर्यंत येऊन मावशी थांबली होती. पाण्यापलीकडे नाही.

कुणी रडलं नाही. रडायला अजून वेळ होता. हिल्माच्या कोटातून एक कोंबडी एकदाच बोलली आणि गप्प झाली.

पेटीवर बोटभर पांढरं साचलं होतं. एर्मिनिया उभी होती. तिच्या केसांवर, पापण्यांवर तेच पांढरं. ती पलीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं का, रेमोला कळेना. वेदीसमोर ती अशी बघायची, वर्षातून एखाद्या वेळी, आपल्याला कुणी बघत नाही असं वाटलं की.

मग तिने धाकट्याकडे तोंड वळवलं. आणि तिने विचारलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, कारण तेवढी शांतता होती.

"लीनो, अजून आहे का वर?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. जॅगो, हिल्मा, केक देणाऱ्या बायका, रेमो. लीनोने कडेकडे बघितलं, डावीकडे, जिथे ती रेघ पोचली नव्हती. बराच वेळ बघितलं. कुणीही त्याला घाई केली नाही.

"आहे," तो म्हणाला.

जॅगोने वाकून स्लेजचा दांडा धरला. रेमोने दोरी खांद्यावर घेतली, आणि सगळे चालू लागले.